दोरीभर छाती

हंबीररावांच्या सोप्यात कृष्णातनं श्वास घेतला, आणि तो परत कधी सोडायचा हे दुसऱ्याच्या हातात गेलं.

दुसऱ्याच्या म्हणजे हंबीररावांच्या. कसबा बावड्यातला हा माणूस तरुणपणी कुस्तीगीर होता. आता कान चुरगळलेले, एक गुडघा गेलेला, पण खुंटीला काळी दोरी अजून होती. ती दोरी म्हणजे हंबीररावांची स्वतःच्या लग्नादिवशीची छाती. त्या दिवशी मापून तेवढीच कापून ठेवलेली. पोरगी बघायला कोण आलं की हंबीरराव दोरी काढायचे, पावण्या पोराच्या छातीभोवती घालायचे आणि दोन्ही टोकं जुळवायचे. दोरी भरली तर पुढची बोलणी. ढिली राहिली तर पावण्यांनी गूळपाणी घ्यायचं आणि ऊन चढायच्या आत निघायचं.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. महाराजांनी कुस्ती उचलून धरली होती, खासबागेत मैदानाचं बांधकाम चाललं होतं, आणि कोल्हापुरात माणसाला नावाआधी तालीम विचारायचे. कृष्णातला तालीम नव्हती. तो शाहूपुरीत घरच्या गुळाच्या अडतीवर बसायचा. गुळाचे रवे, म्हणजे जड ढेपा, हमाल उचलायचे. ते उचलले गेले, एवढं कृष्णात बघायचा. या कामानं माणसाची जी तब्येत होते ती त्याची झाली होती. सदरा घातला की खुंटीवर सदरा आहे का सदऱ्यात कृष्णात आहे, हे जवळ गेल्यावर कळायचं.

म्हणून दोरी अंगाला लागताच त्यानं होता नव्हता तेवढा श्वास आत ओढला. दोरी ताणली. टोकं जुळली. आता फक्त हंबीररावांनी ‘भरली’ म्हणायचं होतं.

हंबीररावांना नेमकी तेव्हाच आठवण झाली.

“गेल्या वैशाखात कबनूरचा एक आलता बगा,” दोन्ही टोकं चिमटीत धरून ते कृष्णातच्या थोरल्या बहिणीला, आक्काला सांगायला लागले. “दोरी भरली. म्हटलं, वा. मांडव घातला, पोरीला हळद लावली. अक्षता पडायच्या टायमाला मी त्याच्या छातीवर थाप मारली, तर हात आत गेला!”

“आत?” आक्का म्हणाली. तिचा डोळा भावाच्या मानेवर होता. मानेवर एक शीर वर आली होती.

“कापूस! सदऱ्याखाली कापूस भरलावता त्या भाड्यानं. तिथंच सदरा काढला. नुसत्या धोतरावर येशीपातूर पोचवला. वाजंत्र्यांना म्हटलं, थांबू नगासा, वाजवा.”

कृष्णातचा रंग आधी तांबडा झाला, मग वांग्याचा झाला. वांग्यानंतर काय असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याचे डोळे आतल्या दाराकडे गेले. दारात धोंडुबाई गूळपाण्याचे तांबे घेऊन उभी होती.

हंबीररावांची ही एकुलती एक लेक. एकोणीस वर्षांची, म्हणजे त्या काळात गावानं नावं ठेवायला सुरुवात करायच्या वयाची. एकदा अंगाला लागलेली हळद धुऊन बसलेली. पुन्हा तसं झालं तर तिसऱ्यांदा कुणी विचारायला येणार नाही, हे ती धरून सारं बावडं जाणून होतं. फक्त हंबीररावांना ती दोरीची चूक वाटत नव्हती.

धोंडुबाईनं कृष्णातकडं बघितलं. मग त्याच्या मानेकडं बघितलं. तांबे खाली ठेवले.

“आबा, दोरी धरून हात दुखतील तुमचं. काय ते सांगा आनि सोडा.”

“व्हय, व्हय. भरली की!”

दोरी सुटली आणि कृष्णात लोहाराच्या भात्यासारखा वाजला. आक्कानं ताबडतोब त्याच्या पाठीत धपाटा घातला. “ठसका लागतोय ह्याला. ल्हानपनापास्नं हाय.”

हंबीरराव खुशीत होते. लग्न येत्या वैशाखात ठरलं. त्यांनी दोरीची घडी घातली आणि गावच्या लालासाब शिंप्याला हाक पाठवली. नवरदेवाचा पोशाख मुलीकडचा, तेव्हा तो कसा असावा हे त्यांनी तिथंच ठरवलं. “बाराबंदी न्हाय. बाराबंदीत ढेकूण बी पैलवान दिसतोय. बंद गळ्याचा कोट शिवायचा, पितळी बटनांचा. ह्याच दोरीवर. आनि मांडवात यायच्या आधी बटनं मी सोता लावनार.”

परतताना बैलगाडीनं बावड्याची वेस ओलांडली.

“फुगलास कशापायी?” आक्कानं विचारलं.

“ती बघत हुती.”

“मग आता वैशाखापातूर असाच फुगून ऱ्हा.”

“आक्का, थोडा कापूस—”

“कापसाचं नाव काढलंस तर गाडीतनं ढकलीन.”

दुसऱ्या दिवशी उजाडायला कृष्णात पेठेतल्या तालमीत जाऊन उभा राहिला. तालमीत मारुती होता, मोहरमात पिराचे पंजेही तिथंच बसायचे, त्यामुळं अंगचोर पोरांची दोन्हीकडून पंचाईत व्हायची. तिथले वस्ताद बादशहा. बुटका माणूस, दाराएवढा रुंद. त्यांनी भेंडी निवडावी तसा कृष्णातचा दंड दाबून बघितला.

“काय पायजे?”

“छाती.”

“कुनाची?”

“माझीच.”

“हाय की ही.”

“चार बोटं कमी हाय. वैशाखात लगीन हाय.” आणि मग कृष्णातनं दोरीची सगळी हकिकत सांगितली. सांगताना त्यानं श्वास कसा धरला तेही करून दाखवलं.

बादशहा वस्ताद हसले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. “हंबीररावाला मी वळकतो,” ते म्हणाले. “त्यो मांडवातनं माघारी लावतोय. लावल्याला हाय.” मग खोरं पुढं केलं आणि आखाड्यातल्या मातीकडं बोट दाखवलं. “हौद खण.”

“आनि जोर?”

“आधी खण. जोर तुला बगून पळून जातील.”

पहिले काही दिवस त्यानं नुसती तांबडी माती खणली. संध्याकाळी अडतीवर टाक उचलला की वहीवर शाई सांडायची. मग जोर आले, मग बैठका आल्या. थोडेच, पण रोज. वस्तादांना एका दिवसात मरेस्तोवर जोर मारणाऱ्या माणसाचा राग होता. “आज ढीगभर मारनार आनि उद्या आजारी पडनार. त्यापरीस आज थोडं मार, उद्या बी ये.” सकाळी तांब्याभर दूध, भाकरीबरोबर उसळ, दिवेलागणीनंतर तासाभरात झोप. गादीवर बसताना लोडाला पाठ टेकायची नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं, कारण अडतीवरच्या माणसाचा अर्धा जन्म लोडाला टेकण्यात जातो.

पण वस्ताद सगळ्यात जास्त ओरडायचे ते श्वासावर. “धरू नको! खाली जाताना घे, वर येताना सोड. धरून आल्याली छाती सोडली की जाती.”

कृष्णात जोर काढताना श्वास सोडायचा. बाकी दिवसभर धरायचा. कारण रस्त्यात बावड्याचं कोण भेटेल याचा नेम नव्हता. बावड्याचा माणूस दिसला की तो फुगायचा, माणूस वळला की उतरायचा. एकदा तर बावड्याची नुसती म्हैस बघून फुगला.

संक्रांतीच्या सुमाराला सदरा काखेत दाटायला लागला. मान सदऱ्याच्या गळ्यातून वेगळी ओळखू यायला लागली. हमाल जेवायला गेले की कृष्णात गुळाचा रवा छातीशी धरून उभा राहायला लागला. हमालांनी हे बघितलं आणि त्यांच्यात कुजबुज झाली. त्यांच्यातला गुंडू पुढं होऊन म्हणाला, “मालक, आमचं काय चुकलं का? चुकलं आसंल तर सांगा. पर आमच्या पोटावर पाय देऊ नगासा.” कृष्णातनं त्याला समजावलं. समजावताना आपला आवाज अडतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला, हे त्याला आक्कानं नंतर सांगितलं. याआधी तो स्वतःलाही जेमतेम ऐकू यायचा.

आणि फाल्गुनात हंबीरराव अचानक अडतीत आले. गुळाची गाडी घेऊन.

कृष्णात त्या वेळी सदरा काढून, घाम पुसत उभा होता. पाठमोरा. मागून आवाज आला, “काय पावणं, वळकलं का न्हाय?”

कृष्णात वळायच्या आधी फुगला. मग वळला.

“या,” तो म्हणाला. एवढ्या शब्दाला श्वास पुरला.

“बसतो की. जरा निवांतच आलोय.” हंबीरराव टेकले. “गुळाचा भाव काय म्हंतोय?”

कृष्णातनं हातानं वर दाखवलं.

“चढलाय व्हय? बरं झालं. आनि उसाचं यंदा कसं दिसतंय?”

कृष्णातनं हात मधोमध धरून हलवला. हंबीरराव त्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी उसाचं काय होणार ते सांगितलं, पावसाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. कृष्णातच्या कानात पंचगंगेचा पूर आला. आता पडलो तर गुळावर पडावं, असा विचार त्याच्या मनात आला. तेवढ्यात गुंडूच्या खांद्यावरचा रवा निसटला आणि हंबीररावांनी तिकडं मान वळवली. कृष्णातनं जुना श्वास सोडला, नवा भरला, आणि हंबीरराव परत वळले तेव्हा तो जसाच्या तसा उभा होता.

जाताना हंबीरराव आक्काला म्हणाले, “पोरगं बोलत न्हाय फारसं. वजनदार मानूस हाय.”

वैशाख आला. लग्नाच्या आदल्या दिवशी कृष्णातनं तालमीत विचारलं, “वस्ताद, भरली आसंल का हो?”

“दोरी कुनापाशी हाय?”

“त्येंच्यापाशी.”

“मग मला काय इचारतोस? जेवढी हाय तेवढी घेऊन जा. फुगवू नको.”

“आनि कोट ढिला पडला तर?”

वस्तादांनी त्याच्या कमरेकडं बघितलं. “मी येतो मांडवात,” ते म्हणाले. “धोतर घट्ट नेस.”

वऱ्हाड बावड्याच्या मारुतीपाशी थांबलं. हंबीरराव कोट घेऊन आले. मागं लालासाब शिंपी उभे होते, शिवणीला काही कमीजास्त वाटलं तर म्हणून सुईदोरा पागोट्यात खोचून. कृष्णातनं कोट अंगात घातला, मारुतीकडं बघितलं आणि वस्तादांचं सगळं शिकवणं विसरून जेवढा मावेल तेवढा श्वास भरला.

हंबीररावांनी पहिलं बटण ओढलं. बटण काजापर्यंत आलंच नाही.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. कृष्णातनं पाच महिने एकाच गोष्टीची भीती धरली होती, की कोट ढिला पडेल. घट्ट पडला तर काय करायचं, याची त्यानं तयारीच केली नव्हती.

“घट्ट हाय?” हंबीररावांनी विचारलं.

“बरोबर हाय,” म्हणत कृष्णातनं श्वास सोडला. बटण लागलं. दुसऱ्या बटणाला आणखी थोडा सोडला. शेवटच्या बटणापर्यंत त्याच्यात सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. हंबीररावांनी त्याच्या छातीवर थाप मारली. हात आत गेला नाही. हंबीररावांचं समाधान झालं. कृष्णातच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

मारुतीपासून मांडवापर्यंत तो चिमणीसारखे श्वास घेत चालला. एक थेंब घ्यायचा, अर्धा सोडायचा. लोक म्हणाले, नवरदेव काय ऐटीत चाललाय.

अंतरपाट धरला. पलीकडं धोंडुबाई. अलीकडं कृष्णात. भटजींनी गळा साफ केला आणि मंगलाष्टक सुरू केलं. भटजींचा आवाज चांगला होता आणि ते त्यांना माहीत होतं. प्रत्येक ओळीचं शेपूट ते वेशीपर्यंत नेऊन परत आणायचे. एक झालं, दुसरं झालं. मग धोंडुबाईच्या मामांना स्वतः रचलेलं एक म्हणायचं होतं. त्यात मामांनी दोन्ही घरांतल्या माणसांची नावं गुंफली होती, हयात आणि मयत मिळून.

मयतांपर्यंत येता येता कृष्णातला एकाचे दोन अंतरपाट दिसायला लागले. कोटाच्या पाठीत कुठंतरी एक टाका तुटला. त्याला एकट्याला ऐकू गेला. गर्दीतून बादशहा वस्ताद दिसत होते. ते दोन्ही हात खाली-वर करून दाखवत होते: घे, सोड. घे, सोड. शेजारच्या बाईला वाटलं म्हातारा नाचतोय. तिनं अक्षता त्याच्याच डोक्यावर टाकल्या.

आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. कृष्णात पडेल, किंवा श्वास घेईल. पडला तर उचलतील, कोट उघडतील, काय झालं म्हणून बघतील. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याला स्वतःचा राग आला. रोज पहाटे घे, सोड म्हणून ओरडा खाल्लेला माणूस मी, आणि स्वतःच्या लग्नात उसनवारीवर श्वास घेतोय.

त्यानं श्वास घेतला. तालमीत घ्यायचा तसा, पोटापासून.

कोट पाठीत मानेपासून कमरेपर्यंत उसवला. पहिलं बटण भटजींच्या तांब्यावर वाजलं, दुसरं मामांच्या पुढ्यात पडलं. मामा एका मयत चुलत्यापाशी थांबले.

हंबीरराव सावकाश पुढं आले. त्यांनी उसवलेली पाठ बघितली, शिवणीत बोट घातलं. मग वळले आणि लालासाबांची बंडी गळ्याशी धरली.

“लालासाब, कापड मारलंस व्हय? माझ्या पोरीच्या लग्नाचं?”

“या अल्ला! न्हाय हो! तुमच्याच दोरीवर शिवलाय, टीचभर बी—”

“दोरीवर शिवला तर फाटला कसा? दोरी भरल्याली मी ह्या डोळ्यांनी बघितलीया!” हंबीररावांचा दुसरा हात वर गेला. त्या हातानं एकेकाळी कुस्त्या मारल्या होत्या आणि तो अजूनही म्हातारा झाला नव्हता.

कृष्णातनं आता फक्त गप्प राहायचं होतं. छातीनं कोट फाटलेला नवरदेव अख्ख्या इलाख्यात झाला नसेल. गप्प राहिला असता तर बावड्यानं त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं.

“त्यास्नी सोडा,” तो म्हणाला. आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. “मापच खोटं हुतं. त्या दिशी मी श्वास धरलावता.”

हंबीररावांचा हात हवेतच राहिला. “मंजे छाती ल्हान हुती?”

“व्हय.”

“माप मोठं गेलं?”

“व्हय.”

“मग कोट ढिला व्हायला पायजे. फाटला कसा?”

कृष्णातनं विचार केला. “त्ये मला ठाव न्हाय.”

“त्ये मला ठाव हाय,” अंतरपाटापलीकडून आवाज आला.

मंगलाष्टकात नवरी बोलते हे भटजींनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातून अंतरपाटाचं टोक जरा खाली आलं आणि त्यावरून धोंडुबाईचे मुंडावळ्यांतले डोळे दिसले.

“लालासाबकाकांनी बरोबर शिवलावता. मी उसवला आनि दोन्ही अंगानं आत घेतला.”

“कशापायी?” हंबीररावांची मान अंतरपाटाकडं वळली.

“ह्यांनी श्वास धरल्याला मी बघितलावता. कोट ढिला झाला असता तर तुमी ह्यास्नी बी येशीपातूर पोचवलं असतं. आनि मी परत हळद धूत बसले असते. म्हनून डोळ्यानं अंदाज घेऊन मापाचा केला. आता हे मागनं फुगतील, हे मला कुठं ठाव?”

“फुगलो न्हाय,” कृष्णात म्हणाला. “जोर मारलं.”

हंबीररावांनी लालासाबांची बंडी सोडली, सरळ केली, झटकलीही. मग पटक्याच्या आतून काळी दोरी काढली. मांडवातल्या सगळ्यांना कळलं आता काय होणार ते. आक्कानं डोळे मिटले.

“श्वास सोड,” हंबीरराव म्हणाले. “समदा.”

कृष्णातनं सोडला. फाटक्या कोटाच्या आतून त्याच्या छातीभोवती दोरी आली. हंबीररावांनी टोकं जुळवली, ताणून बघितली, आणि वाकून आतनं बघितलं. दोरी आणि छाती यांच्यामध्ये फट होती. मोठी नव्हती. पण याहून लहान फटीवर त्यांनी जावई माघारी लावले होते.

“दोन बोटं कमी हाय,” ते म्हणाले.

वाजंत्र्यांनी सनई उचलली. कुठल्या बाजूला वाजवायची ते त्यांना कळेना.

तेव्हा अंतरपाटाच्या कडेनं एक हात अलीकडं आला. हळदीनं पिवळा, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला. त्या हातानं चाचपत दोरी शोधली आणि दोरी आणि छाती यांच्या मधल्या फटीत स्वतःची दोन बोटं घातली.

“आता बघा,” धोंडुबाई म्हणाली. “भरली का न्हाय?”

हंबीररावांनी दोरी ओढून बघितली. कुठंच हलेना. त्यांनी पुन्हा ओढली. मग त्यांनी नुसती टोकं धरून ठेवली. नियम नियमच असतो म्हणून असेल.

“अजून अक्षता पडल्या न्हाईत,” भटजी हळूच म्हणाले. “तोवर शिवायचं नसतंय एकमेकाला—”

“गुमान म्हना पुढचं,” हंबीरराव म्हणाले.

भटजींनी म्हटलं. या वेळी ओळींची शेपटं तोडून म्हटलं. अक्षता पडल्या, कृष्णातवर, फाटक्या कोटात, हंबीररावांच्या पटक्यावर, आणि दोरीत अडकलेल्या त्या दोन बोटांवर. बोटांखाली कृष्णातचं काळीज तालमीतल्या पोरासारखं उड्या मारत होतं. त्यानं अलगद श्वास भरून घेतला. दोरी ताणली, बोटं पक्की बसली. मग त्यानं तो श्वास तसाच धरून ठेवला.

अंतरपाट कधीच खाली आला होता. वाजंत्री वाजत होती. लोक जेवायला उठायला लागले होते.

“आरं सोड!” गर्दीतून बादशहा वस्ताद ओरडत होते. “किती येळा सांगू, श्वास धरू नको, गाढवा!”

कृष्णातला ऐकू येत होतं.